शोमारी मुलाण्याची थट्टा

शोमारी पाझी माझा नवरा नव्हता, पण सगळ्या न्याकाबिंबा गावात तो मला बायकोच म्हणायचा. माझा खरा नवरा शेजारी उभा असला तर जरा जास्तच मोठ्याने. "अगं ए बायको, या रेड्याला अजून किती दिवस पोसणार? हाकल त्याला आणि माझ्या स्वयंपाकाला लाग," असं तो माझ्या खाणावळीच्या दारातून ओरडायचा. मीही ऐकून घेणारी नव्हे. "करवंटीत जेवणारी तुमची जात. तुला ताटात वाढलं तर कुठल्या बाजूने खायचं ते तरी कळेल का?" हे रोज सकाळी सात वाजता. त्याशिवाय माझ्या गिऱ्हाइकांना चहा गोड लागत नसे.

परक्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. पण आम्हा सुकुमा लोकांचं आणि किनाऱ्यावरच्या झारामो लोकांचं थट्टेचं नातं आहे, आणि ते आमच्या आजच्या कुठल्याही चर्च-मशिदीपेक्षा जुनं आहे. आमचे खापरपणजोबा हस्तिदंत डोक्यावर घेऊन सरोवरापासून समुद्रापर्यंत चालत जायचे. वाटेत कुणी मेला तर झारामोंनीच त्याला मूठमाती द्यायची. तेव्हापासून आम्ही एकमेकांना काहीही बोलावं आणि कुणी राग धरू नये. राग धरणाऱ्याचीच लाज निघते. मयताच्या घरी तर थट्टेकऱ्याशिवाय पान हलत नाही. सगळे रडत असताना त्याने यायचं, मेलेल्याची नक्कल करायची, खड्ड्यात उडी मारून आडवं पडायचं आणि काहीतरी पदरात पडल्याशिवाय उठायचं नाही. माणसं रडता रडता हसतात, आणि एकदा हसली की त्यांच्या घशाखाली घास उतरतो.

शोमारी तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला म्हणून किनाऱ्यावरून आला आणि इथलाच झाला. पुढे तो गावाचा मुलाणी झाला. गावात अर्धे मुसलमान, अर्धे ख्रिस्ती, आणि उरलेले दोन्हीकडे जेवणारे. जनावर कुणाचंही असो, लग्न कुणाचंही असो, सुरी शोमारीची. त्याच्या हातचं असलं की सगळे एका पंगतीत बसत. नाताळचा बैल तोच कापायचा, बिशप आले तेव्हाच्या बकऱ्याही त्यानेच कापल्या. जनावराला दिसेल अशी सुरी त्याने कधी परजली नाही. पाठमोरा बसून परजायचा आणि त्याच्याशी बोलत राहायचा. मोबदला म्हणून मानेचा तुकडा न्यायचा. माझ्या खाणावळीतलं सकाळचं मटणाचं सूप त्याच्याच भरवशावर चालायचं. वीस वर्षं मला कुणी विचारलं नाही की मावशी, हे कुणी कापलंय.

माझे वडील झकारिया लुहेंडे. एकेचाळीस वर्षं रोमन चर्चमध्ये धर्मशिक्षक होते. रविवारी पांढरा झगा घालायचे, गळ्यात लाकडी क्रूस अडकवायचे आणि नाकात बोलत मुलांना दहा आज्ञा शिकवायचे. त्यांचं आणि शोमारीचं एकच भांडण होतं, ते म्हणजे स्वर्गात आधी कोण जाणार. ऑगस्टमध्ये एक्याऐंशीव्या वर्षी बाबांनी ते भांडण जिंकलं.

आता पुढचं नीट सांगते, कारण विचारलं गेलं तेव्हा मी ते सांगितलं नाही.

मातीच्या दिवशी शोमारी आला तो डोळे सुजवूनच. अंगणात दोनशे माणूस त्याची वाट बघत बसलेलं. तो मागच्या दाराने माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मिंझा, आज नाही जमायचं गं मला. तोंडातून शब्द फुटत नाहीये."

मी चिडले. बाबा गेल्याचा सगळा राग त्याच्यावर काढला. "मग काय, माझा बाप असाच कोरडा जाणार? तुझा थट्टेकरी होता तो!" मी खुंटीवरचा पांढरा झगा काढला आणि त्याच्या डोक्यातून खाली ओढला. त्याची टोपी वाकडी झाली. मग लाकडी क्रूस घेतला आणि त्याच्या गळ्यात घातला. तो जरा मागे सरला होता. मला आठवतंय, मागे सरला होता. "हे राहू दे गं," म्हणाला. मी म्हटलं, "गप. नाहीतर बाबा उठून तुला छडी मारतील." आणि त्याला पाठीत धक्का देऊन अंगणात ढकललं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मग मात्र त्याने काय धमाल केली! नाकात बोलून सगळ्यांची हजेरी घेतली. उशिरा आलेल्यांना कान धरून उभं केलं. कोंबड्यांना आशीर्वाद दिला. खड्ड्यात उतरून लांबलचक पडला आणि म्हणाला, "इथे छान गार आहे. मी राहतो. झकारियाला घरी घेऊन जा, सुनेला सासूसारखं टोचायला कुणीतरी हवंच!" तळलेली कलेजी मिळेपर्यंत तो वर आला नाही. आमचे फादर डोळे पुसत हसत होते. जुन्या मशिदीचे म्हातारे इमाम काठीवर रेलून हसत होते, इतके की त्यांना कुणीतरी धरावं लागलं. माझ्या जावेने सगळं मोबाईलवर टिपलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

ते चित्रण दोन आठवड्यांनी गावात फिरायला लागलं. जावेने कुणाला दिलं, त्याने कुणाला दिलं, देव जाणे. अंगण, कोंबड्या, फादर, इमाम हे सगळं गळून पडलं होतं आणि अर्धं मिनिट उरलं होतं.

आधी आला उस्ताद झुबेरी. बाहेर शिकून आलेला, नव्या मशिदीचा तरुण धर्मगुरू. दाढी राखलेली, बोलणं लोण्यासारखं. मागे तिघं उभे. म्हणाला, "मावशी, आम्ही कुणाच्या विरोधात नाही. तुमच्या दुःखात आम्ही आहोत. पण आमच्या धर्माचा प्रश्न आहे." मोबाईल काढला, एका जागी थांबवला आणि माझ्यासमोर धरला. मुसलमानाच्या टोपीखाली मुसलमानाची मान, आणि त्या मानेभोवती क्रूस. "हा माणूस दीनमधून, आमच्या धर्मातून, बाहेर गेला. आता याच्या हातचं मांस आम्ही खायचं? आणि तुम्ही शिजवायचं?"

दुपारी आला पास्टर येरेमिया. पत्र्याच्या नव्या चर्चचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं तेही लोण्यासारखंच. मागे तिघं उभे. झुबेरी बसला होता त्याच खुर्चीत बसला. "ताई, आम्ही कुणाच्या विरोधात नाही. तुमच्या दुःखात आम्ही आहोत. पण आमच्या विश्वासाचा प्रश्न आहे." मोबाईल काढला. मी मनात म्हटलं, आता हा कुठे थांबवतोय बघू. त्यानेही तिथेच थांबवला. तीच टोपी, तीच मान, तोच क्रूस. "आमच्या तारणाऱ्याची ही विटंबना. आणि अशा माणसाने देवाचं नाव घेऊन कापलेलं मांस आम्ही का खावं? आमचा बैल आम्ही कापू."

एकाच्या मते शोमारी ख्रिस्ती झाला होता, दुसऱ्याच्या मते तो ख्रिस्त्यांचा वैरी होता. पुरावा दोघांचा एकच. मला हसू यायला हवं होतं. पण शेजारच्या गावात त्याच महिन्यात एका खाटकाचं दुकान जाळलं होतं. आणि माझी लेक देबोरा पास्टरच्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याच्या मुलाला दिली होती, लग्न तीन आठवड्यांवर होतं. मी दोघांनाही चहा दिला. दोघांनीही तो घेतला आणि जाताना दोघांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

माझ्या बाकांवर तेव्हा रोज एकच वाद चालायचा, कोणाचे माथेफिरू जास्त वाईट. "आमचे नुसते भुंकतात, तुमचे चावतात." "अरे जा, आमच्यात चारच डोकी फिरलीत, तुमच्यात आख्खं चर्च फिरलंय." "तुमच्या त्या देशात काय केलं ते विसरलात?" "आणि तुमच्या त्या देशात?" जगभरचे खून माझ्या टेबलावर चपात्यांसारखे मोजले जायचे. मीही चवीने भाग घ्यायची. आपली माणसं त्यातल्या त्यात बरी, असं म्हणायची. शोमारी कोपऱ्यात सूप पीत ऐकायचा. एकदा म्हणाला, "बायको, यांच्यापैकी कुणी मला चावला तर आधी बघ हं दात कुणाचे आहेत ते. तोवर मी रक्त धरून ठेवतो." सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं थट्टाच आहे.

वस्तीच्या अध्यक्षांनी आंब्याखाली बैठक बोलावली. एका बाजूला झुबेरीची माणसं, दुसऱ्या बाजूला येरेमियाची, मधल्या जागेत शोमारी एका तीन पायांच्या स्टुलावर. त्याची बायको तातू मागे उभी होती, अंगाभोवतीचा छापील कापडाचा कांगा डोक्यावरून घट्ट ओढून. अध्यक्ष भला माणूस. त्याने सगळं माझ्यापुढे सोपं करून ठेवलं. म्हणाला, "मिंझाताई, तुम्ही मयताच्या लेक. झगा आणि क्रूस तुम्ही दिला असेल तर तो तुमच्या घरचा रिवाज झाला. दुःखाच्या घरात बाहेरच्याने बोलायचं नाही. आम्ही सगळे उठून घरी जाऊ. पण त्याने आपल्या मनाने उचलला असेल, तर गोष्ट निराळी. सांगा, कुणी दिला?"

एवढंच सांगायचं होतं, मी दिला. दोन शब्द. लोक म्हणतात भीतीने जीभ टाळ्याला चिकटते. माझी चिकटली नव्हती. मला पाणीसुद्धा दिलं होतं, आणि ते मी प्यायले. मी येरेमियाच्या मागे बसलेल्या देबोराच्या सासऱ्याकडे पाहिलं, मग झुबेरीच्या मागे बसलेल्या माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. हिशेब करायला मला वेळ मिळाला, आणि मी तो केला. मग म्हटलं, "मला नाही माहीत. मी रडत होते. मी काही पाहिलं नाही."

शोमारीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग अध्यक्षांना म्हणाला, "खरं आहे तिचं. ती रडत होती. मीच खुंटीवरून काढला."

थट्टेकरी थट्टेकऱ्याची तक्रार करत नाही. हा आमचाच नियम. माझ्या खोट्याला त्याने आपल्या हाताने टेकू दिला.

तातूने एकदम माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि खाली बघायला लागली. तिला काय कळलं, काय नाही, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या गावात कुणी काही जाळलं नाही, हे खरं. दोन्हीकडच्यांनी समजूतदारपणा दाखवला म्हणून अध्यक्षांनी त्यांचे आभारही मानले. शोमारीने पत्र्याच्या चर्चसमोर उभं राहून माफी मागायची असं ठरलं. मग नव्या मशिदीत जाऊन पुन्हा कलमा पढायचा. आणि झुबेरी म्हणाला की धर्म सुटला तेव्हा निकाहही सुटला, तेव्हा तातूशी पुन्हा निकाह लावायला हवा. अडतीस वर्षांचा संसार, पाच मुलं, अकरा नातवंडं. तातू माझ्या देखत म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी कुणाच्या घरात राहत होते?" शोमारीने तेवढ्यातही म्हटलं, "चला, म्हातारपणी मला नवी नवरी मिळतेय." कुणी हसलं नाही. त्याने तिन्ही गोष्टी केल्या. चर्चसमोर तो उभा होता तेव्हा मी लग्नाचे कांगे विकत घ्यायला बाजारात गेले होते. मुद्दाम गेले होते.

देबोराचं लग्न दणक्यात झालं. मुलाण्याचं काम मात्र शोमारीला परत मिळालं नाही. येरेमियाच्या माणसांनी आपला कापणारा नेमला. झुबेरीने आपला नेमला, कारण पुन्हा कलमा पढलेल्या माणसाबद्दलही लोकांच्या मनात शंका राहते म्हणे. माझ्या खाणावळीत दोन पातेली आली, एक लाल झाकणाचं, एक काळ्या. पळ्याही वेगळ्या ठेवल्या. बाकांच्या मध्ये आपोआप वाट पडली. शोमारी सरोवराकाठी तातूबरोबर छोटी मासळी वाळत घालायला लागला. त्याचे हात जनावराला सरावलेले होते, ती मासळी त्याच्या बोटांतून निसटायची.

माझ्याशी तो भांडला असता तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, गावभर माझं नाव घेतलं असतं तर मी निदान उलट ओरडले असते. पण बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तो दारावरून गेला, थांबला आणि म्हणाला, "नमस्कार मिंझाताई. तब्येत बरी आहे ना तुमची? मुलंबाळं ठीक आहेत ना?"

मी म्हटलं, "काय रे करवंट्या, सूप नको का आज?" माझा आवाज मलाच फाटका वाटला.

"नको ताई. आभारी आहे," तो म्हणाला आणि टोपीला हात लावून गेला.

दीड वर्ष हे चाललं. तुम्ही, ताई, आभारी आहे. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा बघ कसा सुधारला, आता कसं अदबीने बोलतो. त्या अदबीने मला रोज थोबाडीत बसायची. आमच्यात परक्याशी असं बोलतात. मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आले की तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, झुबेरी तसा, येरेमिया तसा, माणसं पेटलेली. ते दोघं तसेच होते, त्यात खोटं काही नाही. पण शोमारीला झुबेरीने बुडवलं नाही आणि येरेमियानेही नाही. त्या दोघांच्या हातात अर्ध्या मिनिटाचं चित्रण होतं. पूर्ण गोष्ट फक्त माझ्याकडे होती.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये शोमारी गेला. मासळी उलटता उलटता वाळूतच बसला आणि उठलाच नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच घेऊन निघाले.

पुरुष मयत घेऊन गेले होते. अंगणात बायका चटयांवर बसलेल्या. किनाऱ्यावरून त्याच्या दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या होत्या, प्रवासाने पार शिणलेल्या. चुलीवर भाताचं भलं मोठं पातेलं. थट्टेला एकही सुकुमा आलेला नव्हता. मयताच्या घरी थट्टा करणं पाप आहे असं झुबेरीने सांगून ठेवलं होतं, आणि आमच्या बाजूला येरेमियानेही तेच सांगून ठेवलं होतं. जेवायला कुणी उठत नव्हतं.

तातूने मला दारात पाहिलं. मला वाटलं, आता ही मला हाकलणार, आणि हाकललं असतं तर मी तिच्या पाया पडले असते. ती म्हणाली, "आलीस? मग उभी काय राहिलीस? तू त्याची थट्टेकरी ना? इथे कालपासून कुणी हसलेलं नाही. असाच कोरडा जाणार का माझा म्हातारा?"

मी जाऊन भाताच्या पातेल्यासमोर फतकल मारून बसले आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. "माझ्या मानाचं दिल्याशिवाय एका शितालाही हात लावायचा नाही!" एक बहीण जराशी हसली. "आली बाई चोरटी सुकुमा," दुसरी म्हणाली. मी शोमारीसारखी पाठमोरी बसून हवेतच सुरी परजली, कापायच्या आधी नसलेल्या बोकडाला तो सांगायचा तशा तातूच्या तक्रारी सांगितल्या. बायका हसायला लागल्या. माझं तोंड चाललं होतं. इतक्या बायका, तातू समोर, शोमारीच्या बहिणी समोर. म्हटलं, आत्ता. आत्ता नाही तर कधीच नाही.

पुन्हा झाकण धरून मी म्हटलं, "ऐका. तो झगा मी त्याच्या अंगात घातला. क्रूस मी गळ्यात घातला. तो नको म्हणत होता. आंब्याखाली मी खोटं बोलले. मी बुडवलं त्याला."

मग थोरल्या बहिणीने टाळी वाजवली. "ऐका गं हिचं! मेला तरी हिला पुढेपुढे करायचंच आहे. आता म्हण, मारलाही तूच!"

"हो," मी म्हटलं. "मीच."

अंगण फुटलं हसून. एक तर चटईवर आडवी झाली. बाहेर मातीहून परत येणारे पुरुष दाराशी थबकले आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलं की बघा, सुकुमाची बाई म्हणते मीच मारला, आणि तेही हसले. तातू तोंडावर कांगा दाबून हसत होती, तिचे खांदे गदगदत होते. मी पातेलं सोडलं, तिच्यापाशी सरकत गेले, तिचा हात धरला आणि हळू, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं, "तातू, खरं सांगते. मी घातला होता गं त्याच्या गळ्यात."

"पुरे गं, पोट दुखतंय माझं," ती म्हणाली आणि डोळे पुसत माझ्या खांद्यावर डोकं टेकून आणखी हसली. मग तिने उठून ताट वाढलं, त्यावर मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला आणि माझ्यापुढे सरकवलं. "खा. तुझा मान आहे."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी जेवल्याशिवाय त्यांनाही जेवता येणार नव्हतं. तातू हसऱ्या तोंडाने वाट पाहत होती. मग मीही हसले आणि जेवायला लागले.